एका गाण्याचा राग आला म्हणून लष्कराने हजार सैनिक पाठवले होते, गोष्ट सॅक्सोफोनवाल्या फेला कुटीची

१८ फेब्रुवारी १९७७. नायजेरियातलं लागोस शहर. दिवसाढवळ्या जवळपास एक हजार सैनिकांनी एका घराला वेढा घातला. आत कुणी अतिरेकी लपला नव्हता, की शस्त्रांचा साठा नव्हता. आत होता सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस, त्याचा बँड, बँडमधल्या गायिका आणि नर्तिका, आणि त्याची ७६ वर्षांची आई.

सैनिकांनी दिसेल त्याला मारलं. बायकांवर अत्याचार केले. म्हाताऱ्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. मग घर पेटवून दिलं. आत वाद्यं होती, रेकॉर्डिंगच्या टेप होत्या. सगळ्याची राख झाली.

या माणसाचा गुन्हा काय होता? तर त्याने लष्कराची टिंगल करणारं एक गाणं काढलं होतं आणि ते गाणं लागोसच्या पोराटोरांच्या तोंडी बसलं होतं.

त्या माणसाचं नाव फेला कुटी. जॅझ, अमेरिकन फंक आणि पश्चिम आफ्रिकेचे ताल एकत्र करून त्याने अफ्रोबीट नावाचा एक नवा संगीतप्रकार उभा केला. लोक त्यावर रात्र रात्र नाचायचे आणि नाचता नाचता सरकारला शिव्या घालायचे. सरकारची अडचण नेमकी हीच होती.

घरात पाद्री, शिक्षक आणि राजाला गादीवरून उतरवणारी आई

फेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १९३८ चा. गाव अबेओकुटा, लागोसच्या उत्तरेला. तेव्हा नायजेरियावर इंग्रजांचं राज्य होतं.

आजोबा जोसाया रॅन्सम-कुटी हे ख्रिस्ती धर्मगुरू आणि गायक. योरुबा भाषेतली त्यांची भजनं १९२२ मध्ये लंडनमध्ये रेकॉर्ड झाली होती. वडील इस्रायल हेही धर्मगुरू, शिवाय शाळेचे मुख्याध्यापक. नायजेरियातल्या शिक्षक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. घरात शिस्त कडक आणि पियानो शिकणं सक्तीचं.

पण घरातलं सगळ्यात मोठं नाव होतं आईचं. फुनमिलायो रॅन्सम-कुटी. इंग्रज सरकार तिथल्या स्थानिक राजामार्फत बाजारात बसणाऱ्या बायकांकडून कर वसूल करायचं. फुनमिलायो यांनी या बायकांची संघटना बांधली. भाजीवाल्या, कापडवाल्या, कोंबड्या विकणाऱ्या अशा हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. हे आंदोलन इतकं पेटलं की १९४९ मध्ये राजाला काही काळ गादी सोडावी लागली. पुढे १९७० मध्ये सोव्हिएत युनियनने त्यांना लेनिन शांतता पुरस्कार दिला.

नोबेल विजेते लेखक वोले सोयिंका हे याच घराण्यातले. फेलाचे ते भाऊ लागतात.

थोडक्यात काय, तर सत्तेशी पंगा घेणं फेला बाहेर कुठे शिकला नाही. ते त्याने घरातच पाहिलं होतं.

डॉक्टर व्हायला पाठवला, ट्रम्पेट शिकून आला

मोठा भाऊ ओलिकोये डॉक्टर झाला. धाकटा बेकोही डॉक्टर झाला. १९५८ मध्ये घरच्यांनी फेलालाही लंडनला पाठवलं ते वैद्यकीय शिक्षणासाठीच. तिथे पोहोचल्यावर पठ्ठ्याने परस्पर ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये नाव घातलं.

कॉलेजात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि ट्रम्पेट. रात्री लंडनच्या क्लबांमध्ये जॅझ. तिथेच त्याने कूला लोबिटोस नावाचा बँड काढला, तिथेच रेमी टेलर हिच्याशी लग्न केलं.

१९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये फेला मायदेशी परतला. सरकारी रेडिओवर काही काळ नोकरी केली आणि बँड पुन्हा बांधला. पश्चिम आफ्रिकेत तेव्हा हायलाइफ नावाचं नाचाचं संगीत जोरात होतं. गिटार, ट्रम्पेट, हलकीफुलकी चाल. फेला त्यात जॅझ मिसळायचा. पण लोकांना ते फारसं पचत नव्हतं. नाचायला आलेल्या माणसाला जॅझ डोक्यावरून जायचा आणि जॅझ ऐकणारे लागोसमध्ये होतेच किती?

या काळात त्याच्या हाती एक हिरा लागला. टोनी अ‍ॅलन नावाचा ड्रमर. रेडिओवर तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या या माणसाचे चार हात-पाय चार वेगवेगळ्या लयी वाजवू शकायचे. टोनी अ‍ॅलनशिवाय अफ्रोबीट झालंच नसतं, हे फेला स्वतः मान्य करायचा.

तेवढ्यात लागोसमध्ये जेराल्डो पिनो नावाचा सिएरा लिओनचा गायक आला. तो जेम्स ब्राउनच्या स्टाइलमध्ये फंक वाजवायचा आणि त्याच्या कार्यक्रमांना तुफान गर्दी व्हायची. आपण मागे पडतोय हे फेलाच्या लक्षात आलं. पण पिनोची नक्कल करायची नव्हती, स्वतःचं काहीतरी काढायचं होतं. १९६८ च्या सुमारास त्याने आपल्या संगीताला नाव दिलं अफ्रोबीट. नाव तर ठरलं, पण आतला माल अजून तयार व्हायचा होता.

अमेरिकेने त्याला आफ्रिका दाखवली

१९६९ मध्ये बँड घेऊन फेला अमेरिकेला गेला. दौरा आर्थिकदृष्ट्या सपशेल पडला. व्हिसाच्या भानगडी झाल्या, पैसे संपले. जवळपास दहा महिने ही मंडळी तिथे कशीबशी तग धरून होती.

पण लॉस एंजेलिसमध्ये त्याला सँड्रा स्मिथ भेटली. पुढे ती सँड्रा इझिडोर या नावाने ओळखली गेली. ती ब्लॅक पँथर चळवळीशी जोडलेली होती. तिने फेलाला मॅल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचायला दिलं. गुलामगिरी, वसाहतवाद, काळ्या माणसाचा इतिहास यावर दोघांच्या तासन् तास चर्चा व्हायच्या.

गंमत बघा. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला आफ्रिकेचा इतिहास कळला तो अमेरिकेत. इंग्रजांच्या शाळेत शिकलेल्या फेलाला जाणवलं की आपण आजवर प्रेमाबिमाची गाणी गात बसलोय आणि आजूबाजूला काय चाललंय ते आपल्या गाण्यात कुठेच नाही.

तिथेच त्याने 'माय लेडी फ्रस्ट्रेशन' हे गाणं केलं. पहिलं खरं अफ्रोबीट गाणं म्हणून बरेच जण याच गाण्याकडे बोट दाखवतात. लागोसला परत आल्यावर बँडचं नाव बदललं. आधी नायजेरिया ७०, मग आफ्रिका ७०.

अफ्रोबीट म्हणजे नेमकं काय?

तबल्याचं एकलवादन ऐकलं असेल तर अफ्रोबीट समजायला सोपं जाईल. तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवत असतो आणि बाजूला हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच लेहरा गोल गोल फिरत राहतो. लेहरा बदलत नाही, म्हणूनच तबलजीला मोकळं सुटता येतं.

फेलाच्या संगीतात हा लेहरा एकटा माणूस नाही, अख्खा बँड वाजवतो. एक गिटार एक छोटासा तुकडा सतत वाजवते. दुसरी गिटार त्यातल्या फटी भरते. बेस गिटार तिसरंच काहीतरी घोळवत राहते. मागे ड्रम, कोंगा, टिपऱ्यांसारख्या लाकडी काठ्या आणि शेकेरे, म्हणजे मण्यांची जाळी लावलेला वाळका भोपळा. प्रत्येकाचा तुकडा साधा, पण सगळे एकमेकांत अशा खाचा जुळवून बसतात की ऐकणाऱ्याचा पाय हलल्याशिवाय राहत नाही. जेम्स ब्राउनच्या फंकमध्येही हेच तंत्र आहे. फेलाने त्याला योरुबा तालांची जोड दिली आणि ते लांबवलं.

किती लांबवलं? दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी तीस. रेकॉर्डची एक अख्खी बाजू म्हणजे एक गाणं. त्यातही निम्मा वेळ नुसतं वाजवणं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा ताफा एकत्र गर्जायचा, मग एकेक वादक पुढे येऊन त्या क्षणी सुचेल ते वाजवायचा. हा जॅझचा भाग. श्रोते पुरते तालात शिरले की मग फेला गायला सुरुवात करायचा. तो एक ओळ टाकायचा आणि मागच्या बायका कोरसमध्ये उत्तर द्यायच्या.

सॅक्सोफोन तो तसा उशिराच शिकला. १९७३ मध्ये बँडचा मुख्य टेनर सॅक्सोफोन वादक इगो चिको भांडून निघून गेला. दुसरा वादक शोधण्यापेक्षा फेलाने स्वतःच सॅक्स हातात घेतला, रियाझ केला आणि त्याच वर्षी आलेल्या 'जेंटलमन' या गाण्यात तो वाजवलाही. वय होतं ३४-३५.

तांत्रिक दृष्टीने पाहिलं तर तो जॉन कोल्ट्रेनच्या पंगतीला बसणारा वादक नव्हता आणि तसा आवही त्याने आणला नाही. त्याचा सॅक्स बोलल्यासारखा असायचा. छोटे छोटे तुकडे, मध्ये थांबणं, तोच तुकडा थोडा फिरवून पुन्हा म्हणणं, मग एकदम किंचाळणं. ढोलाने वाजवावं तसं तो सॅक्स वाजवायचा. लांब पल्ल्याच्या ताना घेण्यापेक्षा त्याचं सगळं लक्ष लयीवर असायचं.

आणि गाण्याची भाषा? ना शुद्ध इंग्रजी, ना नुसती योरुबा. तो पिजिनमध्ये गायचा, म्हणजे बाजारात, बसमध्ये, गोदीत बोलली जाणारी मोडकी इंग्रजी. नायजेरियात शेकडो भाषा आहेत. योरुबामध्ये गायला असता तर फक्त योरुबा लोकांना कळलं असतं. पिजिनमुळे ते घाना, सिएरा लिओनपर्यंत पोहोचलं.

त्याची गाणी रोजच्या जगण्यावर असायची. इंग्रजांसारखा सूट घालून उकाड्यात घामाघूम होणारा साहेब 'जेंटलमन'मध्ये आहे. त्वचा गोरी करणाऱ्या क्रीमच्या मागे लागलेल्या बायकांवर 'यलो फीव्हर' आहे. बाजू कुणाची घ्यायची हे सांगायला पाण्याची उपमा वापरणारं 'वॉटर नो गेट एनिमी' आहे.

जगातले मोठमोठे संगीतकार लागोसला यायला लागले. ड्रमर जिंजर बेकरने त्याच्यासोबत अल्बम केला. जेम्स ब्राउन १९७० मध्ये नायजेरियात आला तेव्हा त्याच्या बँडमधली मंडळी फेलाला ऐकायला गेली. १९७३ मध्ये बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी अल्बम रेकॉर्ड करायला लागोसला आला. फेलाला संशय आला की हा गोरा आपलं संगीत चोरायला आलाय आणि त्याने तसा जाहीर आरोपही केला. शेवटी मॅकार्टनीने त्याला बोलावून आपल्या टेप ऐकवल्या, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

स्वतःच्या घराला स्वतंत्र देश घोषित केलं

सत्तरच्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा धो धो यायला लागला होता. १९६६ पासून सत्ता लष्कराकडे होती. बियाफ्राचं यादवी युद्ध १९७० मध्ये संपलं होतं. वर बसलेले गब्बर होत होते आणि लागोसच्या वस्त्यांमध्ये पाणी नव्हतं, वीज नव्हती.

फेलाचा क्लब होता आफ्रिका श्राइन, म्हणजे आफ्रिकेचं देवस्थान. शुक्रवारी तिथे याबिस नाइट असायची. पिजिनमध्ये याबिस म्हणजे एखाद्याची जाहीर खिल्ली उडवणं. गाणी थांबवून फेला माइकवर मंत्र्यांची, जनरलांची नावं घेऊन सालटी काढायचा. लागोसमध्ये वर्तमानपत्रं जे छापायला घाबरायची, ते इथे नाचता नाचता कळायचं.

१९७४ मध्ये गांजाच्या प्रकरणात पोलिसांनी त्याला उचललं. ज्या कोठडीत ठेवलं तिला कैद्यांनी नाव ठेवलं होतं कलाकुटा. हे नाव आलं आपल्या कलकत्त्यावरून. कलकत्त्याच्या अंधारकोठडीची गोष्ट इंग्रजांनी त्यांच्या साम्राज्यभर पसरवली होती, ती अशी थेट लागोसच्या तुरुंगापर्यंत पोहोचली. फेलाला नाव आवडलं. बाहेर आल्यावर त्याने स्वतःच्या घराला नाव दिलं कलाकुटा रिपब्लिक. नायजेरियाच्या सरकारचे कायदे इथे चालणार नाहीत, असं त्याने जाहीर करून टाकलं. घरात बँड, नर्तिका, घरातून पळून आलेली मुलं-मुली, बेकोचा दवाखाना आणि रेकॉर्डिंगची सोय असा सगळा पसारा होता.

पोलिस पुन्हा आले. यावेळचा किस्सा लागोसमध्ये आजही सांगतात. पोलिसांनी घरात गांजा ठेवून त्याला अडकवायचा प्रयत्न केला. फेलाने तो पुरावा सरळ गिळून टाकला. आता काय करायचं? पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं आणि पुरावा नैसर्गिक मार्गाने बाहेर येण्याची वाट बघत बसले. कोठडीतल्या इतर कैद्यांनी फेलाला मदत केली. तपासणीसाठी जो नमुना गेला, त्यात गांजाचा मागमूस नव्हता. फेला सुटला आणि १९७५ मध्ये त्याने यावर आख्खा अल्बम काढला. नाव होतं 'एक्स्पेन्सिव्ह शिट'.

याच सुमारास त्याने आडनावातलं रॅन्सम काढून टाकलं. ते त्याला गुलामीचं नाव वाटायचं. त्या जागी घेतलं अनिकुलापो. अर्थ, ज्याने मरणाला आपल्या झोळीत ठेवलंय असा माणूस.

'झॉम्बी' आणि त्यानंतरची आग

१९७६ मध्ये 'झॉम्बी' आलं. बारा मिनिटांचं गाणं. विषय साधा होता. सैनिक म्हणजे चालतं फिरतं प्रेत. सांगितलं की चालतो, सांगितलं की थांबतो, सांगितलं की मारतो. स्वतःचं डोकं वापरत नाही. गाण्यात कवायतीच्या ऑर्डरींची नक्कल होती आणि मागे जबरदस्त ताल. रस्त्यात सैनिक दिसला की पोरं काठ्या बंदुकीसारख्या खांद्यावर घेऊन गाण्यातल्यासारखी कवायत करायला लागली.

सत्तेत असलेल्यांना टीका एकवेळ चालते. हसणं चालत नाही.

१९७७ च्या जानेवारीत लागोसमध्ये फेस्टॅक हा जगभरातल्या काळ्या कलाकारांचा महोत्सव सरकारने भरवला. तेलाच्या पैशातला प्रचंड सोहळा. फेला सुरुवातीला त्याच्या नियोजनात होता, पण भ्रष्टाचाराचा आरोप करून बाहेर पडला. महोत्सव चालू असताना तो श्राइनमध्ये रोज वाजवत राहिला आणि परदेशी पाहुणे रात्री सरकारी कार्यक्रम सोडून त्याच्याकडे जायला लागले. जगासमोर सरकारची लाज गेली.

फेस्टॅक १२ फेब्रुवारीला संपला. पाहुणे घरी गेले. सहाच दिवसांनी, एका किरकोळ भांडणाचं निमित्त होऊन, सैनिक कलाकुटावर चालून आले.

फेलाचं डोकं फुटलं, हाडं मोडली. बेकोचा दवाखाना जळाला. आई त्या पडण्यातून पूर्ण सावरल्याच नाहीत. १३ एप्रिल १९७८ रोजी त्या गेल्या. ज्या बाईने एका राजाला गादीवरून उतरवलं होतं, तिचा अंत स्वतंत्र देशाच्या सैनिकांमुळे झाला.

सरकारने चौकशी नेमली. निष्कर्ष काय निघाला? हे कृत्य अज्ञात सैनिकांनी केलं. हजार सैनिक आले, भर दिवसा आले, तरी सगळे अज्ञात. फेलाने नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही फेटाळला गेला.

फेलाने उत्तर त्याच्या पद्धतीने दिलं. तेव्हा देशाचे प्रमुख होते जनरल ओबासांजो. तेही अबेओकुटाचेच. १९७९ मध्ये ओबासांजो सत्ता सोडायला निघाले, त्या सुमारास फेला आपल्या माणसांना घेऊन निघाला, सोबत आईच्या नावाची शवपेटी. डोडन बॅरॅक्स हे सत्तेचं केंद्र. समोर सशस्त्र पहारा. तिथे गेटवर त्याने ती शवपेटी ठेवली आणि परत आला. पुढे 'अननोन सोल्जर' आणि 'कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट' या दोन गाण्यांत त्याने हा सगळा हिशेब मांडला. 'अननोन सोल्जर' तब्बल अर्ध्या तासाचं आहे.

२७ लग्नं आणि न पटणारा फेला

इथवर ऐकून फेला निव्वळ हिरो वाटेल. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

२० फेब्रुवारी १९७८ रोजी, घर जाळल्याला वर्ष झालं तेव्हा, त्याने एकाच समारंभात २७ बायकांशी लग्न केलं. या बँडमधल्याच गायिका आणि नर्तिका होत्या. पोलिस त्यांना वेश्या म्हणून हिणवायचे आणि फेलाने त्यांना पळवून आणलंय असा आरोप व्हायचा. कलाकुटाच्या हल्ल्यात सगळ्यात जास्त त्यांनीच सोसलं होतं. त्यांना प्रतिष्ठा आणि संरक्षण देण्यासाठी आपण लग्न केलं, असं त्याचं म्हणणं होतं.

त्यात तथ्य होतंच. पण कलाकुटामध्ये बायकांवर फेलाचाच हुकूम चालायचा, शिक्षाही तोच द्यायचा, हेही तितकंच खरं. 'लेडी' नावाच्या गाण्यात तर त्याने पुरुषाच्या बरोबरीने बसू पाहणाऱ्या शिकलेल्या बाईचीच टिंगल केली आहे. ज्याच्या आईने बायकांच्या हक्कांसाठी राजाशी लढा दिला, त्याच मुलाचे बायकांबद्दलचे विचार असे होते. ही विसंगती त्याच्या चाहत्यांनाही आजवर नीट सोडवता आलेली नाही.

बँडमध्येही सगळं आलबेल नव्हतं. १९७८ च्या बर्लिन जॅझ महोत्सवानंतर पैशांवरून वाद पेटला. कमाई राजकारणात घालण्याचा फेलाचा विचार होता आणि वादकांचे पगार थकले होते. टोनी अ‍ॅलनसह बरेच जण सोडून गेले. फेलाने इजिप्त ८० या नावाने नवा बँड बांधला. स्वतःचा राजकीय पक्षही काढला, पण निवडणूक लढवायची परवानगी त्याला मिळाली नाही.

पाच वर्षांची शिक्षा आणि वीस महिन्यांचा तुरुंग

१९८३ च्या शेवटच्या दिवशी जनरल बुहारी यांनी सत्ता बळकावली. सप्टेंबर १९८४ मध्ये फेला अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला असताना लागोस विमानतळावर त्याला अटक झाली. आरोप होता जवळ बाळगलेल्या १,६०० पौंडांचा. विशेष न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याला विवेकाचा कैदी म्हणून जाहीर केलं. बुहारींची सत्ता गेली, बाबांगिडा आले आणि एप्रिल १९८६ मध्ये, वीस महिन्यांनी, फेला सुटला. त्याच जूनमध्ये तो न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या मोठ्या कार्यक्रमात मंचावर दिसला.

सुटून आल्यावर त्याने सोबत राहिलेल्या बायकांना घटस्फोट दिला. एका माणसाची दुसऱ्यावर मालकी असू शकत नाही, अशा निष्कर्षाला तो तुरुंगात आला होता.

जे शेवटी भावाला सांगावं लागलं

नव्वदच्या दशकात फेला थकत गेला. १९९२ चा 'अंडरग्राउंड सिस्टम' हा त्याच्या हयातीतला शेवटचा महत्त्वाचा अल्बम. अटकसत्र चालूच होतं. १९९७ मध्येही अमली पदार्थविरोधी पथकाने त्याला पकडून टीव्ही कॅमेऱ्यांसमोर उभं केलं. तेव्हा तो खूप आजारी होता. वजन उतरलं होतं, अंगावर चट्टे होते. पाश्चात्त्य औषधांवर त्याचा विश्वास नव्हता, त्यामुळे तो डॉक्टरांना टाळत राहिला. घरात दोन दोन डॉक्टर भाऊ असताना.

२ ऑगस्ट १९९७ रोजी फेला गेला. वय ५८.

दुसऱ्या दिवशी थोरले भाऊ ओलिकोये रॅन्सम-कुटी यांनी पत्रकार परिषद घेतली. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि १९८५ ते १९९२ या काळात देशाचे आरोग्यमंत्री होते. धाकटा बेको तेव्हा हुकूमशहा अबाचाच्या तुरुंगात होता. ओलिकोये यांनी स्पष्ट सांगितलं की फेलाचा मृत्यू एड्समुळे झाला.

तेव्हाच्या नायजेरियात हे उघडपणे सांगायला मोठं धैर्य लागत होतं. एड्स हा गोऱ्यांनी रचलेला बनाव आहे, असं मानणारे लाखो होते आणि त्यात खुद्द फेलाही होता. कंडोम आफ्रिकी माणसासाठी नाहीत, असं तो जाहीरपणे म्हणायचा. सत्तेच्या प्रत्येक शब्दावर संशय घ्यायची सवय त्याला आयुष्यभर कामी आली होती. या एका ठिकाणी तिने त्याचा घात केला. त्याच्यासोबत राहिलेल्या बायकांच्या जिवाला जो धोका झाला, त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच जाते.

ओलिकोये गप्प बसले असते तर घराण्याची अब्रू झाकली गेली असती. पण देशातला सगळ्यात लाडका माणूस या रोगाने गेला, हे कळल्यावर अनेक नायजेरियन लोकांनी एड्सकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं.

अंत्यदर्शनाला लागोसच्या तफावा बालेवा चौकात माणसांचा समुद्र लोटला. दहा लाखांहून जास्त लोक आले असं सांगितलं जातं. लष्करी राजवट चालू असतानाही शहर थांबलं. त्याला इकेजा भागात त्याच्या घराच्या आवारातच पुरलं.

आज फेला कुठे आहे?

तुम्ही रीलवर रेमाचं 'काम डाउन' नक्की ऐकलं असेल. बर्ना बॉयचं नावही कानावर आलं असेल. या संगीताला अफ्रोबीट्स म्हणतात. शेवटी एक 'स' आहे, तो महत्त्वाचा. अफ्रोबीट म्हणजे फेलाचं लांब, वाद्यवृंदाचं, राजकीय संगीत. अफ्रोबीट्स म्हणजे आजचं नायजेरियन पॉप. दोन्ही एक नाहीत, पण नातं जवळचं आहे. बर्ना बॉयचे आजोबा बेन्सन इदोनिजे हे फेलाचे पहिले मॅनेजर होते.

फेलाची मुलं फेमी आणि शेऊन दोघंही सॅक्सोफोन वाजवतात. शेऊनने तर वडिलांचा इजिप्त ८० हाच बँड पुढे चालवला. इकेजामध्ये नवं आफ्रिका श्राइन उभं आहे. फेलाच्या आयुष्यावरच्या 'फेला!' या म्युझिकलने २००९ मध्ये ब्रॉडवे गाजवलं. ज्या गाण्यासाठी घर जाळलं गेलं, ते 'झॉम्बी' २०२५ मध्ये ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

फेलाला अटक करणारे आणि त्याचे कट्टर विरोधकही नंतर लोकशाहीत नेते झाले. ओबासांजो १९९९ मध्ये आणि बुहारी २०१५ मध्ये निवडणूक जिंकून नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बनले. २०२० मध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्ध लागोसची तरुण पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुहारीच होते आणि आंदोलनात फेलाची गाणी वाजत होती.

त्याला ऐकायचं असेल तर सुरुवात 'वॉटर नो गेट एनिमी'पासून करा. मग 'झॉम्बी' लावा. शब्द लगेच कळले नाहीत तरी चालेल, फेलाही श्रोत्यांना आधी तालातच ओढायचा. फक्त एक करा, हातात दहा-बारा मिनिटं ठेवा आणि मध्येच गाणं पुढे ढकलू नका.